वहीत न लिहिलेली कळशी

भिकाजीवर मी सत्तावीस वर्षं ओरडले आणि त्यातलं बहुतेक ओरडणं विनाकारण होतं. मी आमच्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि तो प्रयोगशाळेचा परिचर. माझी चिडचिड कुठेतरी निघायला हवी; हेडमास्तरांवर निघणं बरं दिसत नाही, मुलांवर काढली तर पालक येतात, म्हणून ती भिकाजीवर निघायची. तो "होय बाईनू" म्हणून ऐकून घ्यायचा आणि फडक्यानं परीक्षानळ्या पुसत राहायचा. ज्या एका गोष्टीसाठी त्याला खरंच ओरडून थांबवायला हवं होतं, ती माझ्या डोळ्यांसमोर दोन वर्षं चालली होती, आणि तेव्हा मात्र माझ्या तोंडातून अक्षर निघालं नाही.

माणूस दहावीला दोनदा नापास. पण त्याच्याइतका नीटनेटका हात मी पदवीधरांतही पाहिला नाही. बाटलीचं बूच सैल राहिलेलं त्याला सहन होत नसे. मॅग्नेशियमची फीत किती उरली, कुठली नळी कोणाच्या हातून फुटली, सगळं तो एका लांबट वहीत तारीख-वेळ घालून लिहायचा आणि खाली सही करायचा. "लिवल्याशिवाय झाला म्हणूचा नाय," हे त्याचं ब्रीद. मुलं त्याला मागून चित्रगुप्त म्हणायची. त्याच्या त्या वहीमुळे आमच्या शाळेची तपासणी दर वर्षी निभावून जायची आणि शाबासकी मला मिळायची. मीही ती घ्यायचे, लाज वाटायची नाही.

शाळेबाहेर त्याच्याकडे आणखी एक काम होतं, पगाराचं नव्हे, जन्मानं आलेलं. धामापूरहून आमच्या गावाकडे येताना कातळाच्या सड्याच्या पायथ्याशी देवीची राई लागते. सातवीण, किंजळ, उंडी, एक जांभूळ, एक वड, आणि मधोमध सुरंगी. सुरंगीचं खोड दोघांच्या कवेत मावत नसे. राईच्या वरच्या अंगाला झरा आहे, म्हणजे होता. त्या राईची राखण भिकाजीच्या घराकडे. तिथली सुकी काटकीसुद्धा गावात कोणी चुलीला आणत नाही, आणि अगदीच गरज पडून फांदी तोडायची झाली तर ती भिकाजीच्या घरातल्या माणसानंच तोडायची, असा नियम आहे. लहानपणी मी तिथून बकुळीच्या शोधात जाऊन येताना एक पान तोडलं म्हणून आईनं मला भर रस्त्यात थोबाडीत दिली होती.

पाच वर्षांपूर्वी राईच्या डोक्यावरच्या सड्यावरची जांभ्या चिऱ्यांची खाण वाढवायचं निघालं. लहानशी खाण आधीपासून होती. आता सगळा सडा कापायचा बेत होता. बाहेरच्याला सडा म्हणजे उजाड कातळ वाटतो. पण पावसाळाभर तो पाणी पितो आणि उन्हाळाभर थोडं थोडं खाली सोडतो, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना सांगावं लागत नाही. कातळ कापला की झरा जाईल आणि झरा गेला की राई जाईल, असं गाव म्हणू लागलं. खाणवाल्यांचं म्हणणं की राईतली झाडं वरच्या मातीतल्या ओलीवर जगतात, सड्याच्या पोटातल्या पाण्याशी त्यांचं देणंघेणं नाही. शेवटी एक समिती नेमली गेली. समितीचे साहेब म्हणाले, "भावना समजतात, पण पुरावा आणा." दोन उन्हाळ्यांची मुदत मिळाली.

पुरावा गोळा करायला पुण्याच्या एका संस्थेतून शर्मिष्ठा आली. तिशीची पोर, बोलायला गोड आणि कामाला चिकट. तिची उतरायची सोय माझ्याकडे केली होती, कारण माझं घर राईकडे जाणाऱ्या पाणंदीला लागून आहे आणि निवृत्त बाईला काही काम नसतं असा गावाचा समज आहे.

पहिल्याच दिवशी तिनं पडवीत बसून आम्हाला समजावलं. पाणी सगळं सारखं दिसलं तरी त्यातले काही कण जरा जड असतात, बाकीचे हलके. चवीत, रंगात फरक नाही. वजनातला फरक इतका बारीक की तो यंत्रालाच कळतो. ऊन लागलं की हलके कण आधी उडून जातात आणि जड मागे राहतात. म्हणून एप्रिल-मे येईतो वरच्या मातीतली ओल जड होत जाते. सड्याच्या पोटातल्या पाण्यानं उन्हाचं तोंड पाहिलेलं नसतं, ते हलकंच राहतं. झाडाचं मूळ पाणी ओढताना निवड करत नाही, जे प्यालं तेच फांदीत चढतं. तेव्हा फांदीतलं पाणी काढून मोजायचं, वेगवेगळ्या खोलीच्या मातीतलं मोजायचं, झऱ्याचं मोजायचं, आणि फांदीतलं कोणाशी जुळतं ते बघायचं. झाड कुठलं पाणी पितं हे मग झाडच सांगतं.

भिकाजी पायरीवर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "म्हंजे शिरोड्याच्या मिठागरासारखा. पाणी उडान जाता आणि जड ता खाली ऱ्हवता."

शर्मिष्ठानं माझ्याकडे पाहिलं. "बाई, हे तुमचे विद्यार्थी का?"

"छे," मी म्हटलं, "हा माझ्या वर्गात असता तर तिसऱ्यांदाही नापास झाला असता." भिकाजीला ते फार आवडलं. महिनाभर तो ते सगळ्यांना सांगत होता.

दर पंधरा दिवसांनी नमुने घ्यायचे होते, डिसेंबरपासून मेअखेरपर्यंत. शर्मिष्ठाला तेवढ्या वेळा येणं शक्य नव्हतं. गावातला कोणीतरी भरवशाचा माणूस हवा, असं ती म्हणाली तेव्हा मी एका क्षणात भिकाजीचं नाव सांगितलं. "ह्याच्या हातचं बूच कधी गळत नाही," असं वर सर्टिफिकेटही दिलं. शिवाय राईत फांदी तोडायचा हक्कही त्याच्याच घराचा. देवानंच नेमून दिलेला माणूस, असं मला वाटलं होतं. माझ्या आयुष्यात मी इतकं चुकीचं काही ठरवलेलं नाही आणि इतकं बरोबर वाटलेलंही काही नाही.

तो जीव तोडून काम करायचा. बोटाएवढी जाड, तपकिरी सालीची काटकी घ्यायची, हिरवी नको, कारण हिरवीतून पाणी उडतं. कापली की लगेच काचेच्या छोट्या बाटलीत घालायची, बूच घट्ट, वर ताणून पट्टी. मग खोडापासून हातभर अंतरावर गिरमिटानं माती काढायची, वीतभर खोलीची, हातभर खोलीची आणि त्याखाली गिरमीट जाईल तिथवरची. जांभ्या दगडात गिरमीट फिरवताना पासष्टीच्या माणसाचे खांदे निघून यायचे. बाटल्या बर्फात ठेवायला लागत, म्हणून मासे विकणाऱ्या सुगंधाकडून तो बर्फ आणायचा. घरी बायको सुभद्रा कपाळाला हात लावायची. "माझो बांगडो भायर आणि ह्यांच्यो काटक्यो फ्रीजात," असं ती सांगायला यायची, पण बाटल्यांना धक्का लावायची तिची छाती नव्हती.

आणि वही. नवी लांबट वही घेतली होती. झाडाचं नाव, वेळ, ऊन की ढग, वारा कुठला, काटकी कुठल्या बाजूची, गिरमीट कुठे अडलं. एकदा वानरानं एक बाटली पाडली, तर वानर नर होतं हेही त्यानं लिहिलं होतं. शर्मिष्ठा ती वही बघून म्हणाली, "बाई, आमच्या संस्थेत असं कोणी लिहीत नाही." भिकाजीनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला मात्र दिसत होतं, त्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी शास्त्रज्ञ मानत होतं. आणि त्याचं मन नुसतं त्यात नव्हतं. पहिल्या वर्षीच्या शिमग्यात तो मला म्हणाला होता, "बाईनू, आज्याच्या आज्यान सांभाळल्यान ती राई माझ्या हातसून गेली तर मी वर जावन तोंड खंयचा दाखवू?"

संस्थेच्या यंत्राला रांग होती. पहिल्या वर्षाच्या बाटल्या दुसऱ्या वर्षाच्या बाटल्यांबरोबरच लागल्या. दुसऱ्या जूनच्या पहिल्या आठवड्यात शर्मिष्ठा आली ती काळवंडलेल्या चेहऱ्यानं. पडवीत कागद पसरले. भिकाजी त्याच पायरीवर.

"काका, मे महिन्यात वरची माती जड यायला हवी होती," ती म्हणाली. "ती हलकी येते. दर वेळी, सहाही झाडांपाशी, दोन्ही वर्षं. वरच्या मातीतलं पाणी आणि झऱ्याचं पाणी एकसारखंच दिसतंय. दोन पाणी वेगळी ओळखूच येत नसतील तर झाड कुठलं पितं हे सांगणार कसं? राईत कोणी शिंपण करतं का?"

"राईत शिंपण?" भिकाजी दुखावल्यासारखा झाला. "नाय गो बाय. तिका कोण पाणी घालता? ती आपल्या जिवार वाढता."

तो खोटं बोलत नव्हता. मी शपथेवर सांगेन.

शर्मिष्ठा म्हणाली, तुम्ही कसं करता ते मला पहिल्यापासून एकदा दाखवा. आजवर ती यायची ती नमुन्याच्या दिवशी सकाळी. भिकाजी म्हणाला, पहिल्यापासून म्हणजे आजपासूनच, आणि उन्हं कलल्यावर आम्हाला घेऊन निघाला. त्याच्या खांद्यावर तांब्याची कळशी होती. ती त्यानं झऱ्यावर भरली, सुरंगीपाशी आला, खोडाभोवती फिरून कळशीभर पाणी मुळाशी ओतलं आणि हात जोडले. "गे माये, उद्या तुझी एक काटकी घेतंय. तुझ्याच राखणीक घेतंय. ह्या पाणी पी आणि राग धरू नको." मग कळशी घेऊन परत झऱ्याकडे वळला, पुढच्या झाडासाठी.

"काका," शर्मिष्ठाचा आवाज बारीक झाला होता, "हे काय?"

"ह्या सांगणा. झाडाक आदल्या दिवशी सांगल्याशिवाय हात लावचो नाय. आणि सांगूचा ता झरीच्या पाण्यान."

"दर वेळी?"

"दर वेळी. चुकवीन कसो?"

"वहीत का नाही लिहिलंत?"

"वयीत कामाचा लिवतंय, बाय. ह्या काम नाय. ह्या सांगणा."

एवढं बोलला आणि थांबला. मिठागराची गोष्ट स्वतः सांगणारा माणूस तो, त्याला समजवायची गरजच पडली नाही. कळशी त्याच्या हातातच होती. ती त्यानं हळू खाली ठेवली, मुळाशी ओली झालेली माती बघितली, गिरमिटाचं जुनं भोक बघितलं, ते त्या ओलीच्या मधोमध होतं. "झरीचा पाणी मीच मातीत घातलंय," तो म्हणाला. "मीच घातलंय." आणि तिथेच बसला.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. पण कळसा ज्याच्या काखेत होता त्याला तरी काय बोलू? गेली दोन वर्षं नमुन्याच्या आदल्या दिवशी पाणंदीनं कळशी घेऊन जाणारा भिकाजी मी अंगणातून बघत होते. तो कशाला जातो हे मला पक्कं ठाऊक होतं, मी ह्याच गावात वाढले आहे. मुलांना बाष्पीभवन शिकवण्यात माझा जन्म गेला. तरीही मला ती पूजा दिसली, पाणी दिसलं नाही. हा राग मी आजही कोणावर काढू शकत नाही, आता समोर भिकाजीही बसलेला नसतो.

शर्मिष्ठानं पुष्कळ खटपट केली. फांद्यांतलं पाणी झऱ्याच्या पाण्याशी अगदी जुळत होतं. झाडं झऱ्याचंच पाणी पीत होती, हे खरं होतं. पण ते सड्याच्या पोटातून मुळांनी ओढलेलं की भिकाजीच्या कळशीतलं, हे कुठलंही यंत्र सांगू शकत नव्हतं. आणखी एक उन्हाळा द्या, अशी तिनं समितीला विनंती केली. मुदत म्हणजे मुदत, असं उत्तर आलं.

सुनावणीला भिकाजी इस्त्रीचा सदरा घालून आला. मी त्याला म्हटलं होतं, तुम्ही बोलू नका, शर्मिष्ठा सांगेल. पण तो उठला. कचेरीत बोलायची शुद्ध मराठी त्यानं रात्रभर घोकली असावी. "साहेब, चूक माझी आहे. पाणी मी घातलं. बाईंची किंवा मॅडमची त्यात काही चूक नाही. तरी राईला आणखी एक वर्ष द्यावं."

खाणवाल्यांचा वकील हसला नाही, आवाजही चढवला नाही. तो एवढंच म्हणाला, "साहेब, म्हणजे हे गृहस्थ दोन वर्षं झाडांना पाणी घालत होते आणि झाडं तेच पीत होती. ह्यांनी ते खुशाल चालू ठेवावं. राई ह्यांच्या कळशीवर जगत असेल तर खाणीनं तिचं काय बिघडणार?"

भिकाजी उभाच होता. बसायचं त्याला सुचलं नाही. मी सदऱ्याला धरून त्याला खाली बसवलं.

परवानगी मिळाली. पावसाळा संपला तसा सडा कापायला सुरुवात झाली. कटरचा आवाज माझ्या पडवीत दिवसभर यायचा. पहिल्या वर्षी झरा होळीला बारीक झाला. पुढच्या वर्षी जानेवारीतच तिथे नुसता ओला दगड राहिला, मग तोही सुकला. शर्मिष्ठाचे सुरुवातीला फोन यायचे. नंतर तिला दुसरीकडचं काम लागलं. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

भिकाजी वकिलाचं म्हणणं खरं करायला निघाला. घरच्या विहिरीवरून कावड भरून तो राईत पाणी घालू लागला, रोज, सकाळ-संध्याकाळ. सहा मोठी झाडं आणि एक म्हातारा. वाळूत मुतल्यासारखं आहे हे, असं सुगंधा त्याला तोंडावर म्हणाली. मला ऐकून राग आला, पण तिनं म्हटलं ते खोटं नव्हतं. एक दिवस त्याचा पाय घसरला, खुबा दुखावला, आणि सुभद्रानं कावड माळ्यावर टाकली. किंजळ पहिली गेली. वड अजून तग धरून आहे, वडाचं सांगता येत नाही. सुरंगीला गेल्या मार्चमध्ये एक फूल आलं नाही. एरवी त्या दिवसांत पाणंदीतून जाताना बायका थांबायच्या, अंबाड्यात गजरा नसला तरी वास घेऊन पुढे जायच्या. ह्या वर्षी ती शेंड्यापासून वाळत आली. एक मोठी फांदी राईतल्या देवीच्या देवळाच्या कौलांवर पडली तेव्हा गावानं ठरवलं की पावसाळ्याआधी झाड पाडायचं. पहिला घाव अर्थातच भिकाजीच्या घराचा. आणि आदल्या दिवशी सांगणं.

मेच्या अखेरीला, उन्हं कलल्यावर, तो काठी टेकत माझ्या अंगणात आला. काखेत तीच तांब्याची कळशी.

"बाईनू, तुमच्या बावीचा पाणी घेव काय? आमची बाव आटली."

मी रहाटानं पाणी काढून दिलं आणि कळशी मीच उचलली. राईत आता सावली अशी राहिलेली नाही. मी तिथे डोळ्यांवर हात धरून उभी राहिले. भिकाजीनं कळशी मागून घेतली, सुरंगीभोवती एक फेरी घातली, पाणी मुळाशी ओतलं. माती इतकी सुकली होती की पाणी आत शिरेना, वरून वाहत माझ्या चपलांपर्यंत आलं. त्यानं हात जोडले आणि माझ्याकडे वळला.

"काय सांगू, बाईनू?" तो म्हणाला. "तुझ्याच राखणीक घेतंय, असा सांगूचा असता. आता ता कसा सांगू?"

मला रडू आलं. मी म्हटलं, काही सांगू नका.

मग तो झाडाच्या मुळावर बसला आणि पिशवीतून ती लांबट वही काढली. तीच, दोन वर्षांची. मागची पानं कोरी होती. चष्मा लावला. अक्षर तसंच, शाळेतल्यासारखं. लिहून झाल्यावर त्यानं वही माझ्यापुढे धरली, जशी प्रयोगशाळेत दर शनिवारी धरायचा.

तारीख होती. वेळ सव्वापाच. ऊन, वारा पश्चिमेचा. "सुरंगीस एक कळशी पाणी घातले. पाणी विनीताबाईंच्या विहिरीचे." खाली सही.

"बघा," तो म्हणाला. "आता काय लिवचा ऱ्हवला नाय मा?"

मी सवयीनं दोनदा वाचलं. "नाय, भिकाजी," मी म्हटलं. "आता काय ऱ्हवला नाय."